चौकोन लाल व्हायला हवा होता

"तीन म्हणलं की दाबायचं. तीनच्या आधी नाही, नंतर पण नाही."

"कळतंय की. सकाळपासनं तेच करायलीय."

"तुझा हात आधीच पडतो, तेजे. धीर म्हणून नाहीच तुला."

पद्माक्का तिच्या टेबलावर, मी समोरच्या. तिनं मोजलं, एक, दोन, तीन. मी 'बंद' दाबलं, तिनं 'तपास' दाबलं. पडद्यावरचा चौकोन हिरव्याचा लाल झाला आणि घंटी वाजली. परत चालू करायचं, परत मोजायचं, परत दाबायचं. मला वाटायचं, ह्याच्यापेक्षा भांडी घासलेली बरी, निदान भांडी तरी संपतात.

मी नववीत शाळा सोडलेली. गणिताच्या सरांनी कॉपी केली म्हणून वर्गापुढं उभं केलं. मी केलेली नव्हती. त्यांचं डस्टर खिडकीतनं खाली फेकलं, दप्तर उचललं, घरी आले, परत गेलेच नाही. आई रडून दमली. बापूंनी बोलणंच सोडलं. शेवटी मावशीच्या पद्माक्कानं मला सांगलीला, विश्रामबागेतल्या तिच्या ऑफिसात आणलं. ऑफिसच्या मालकांना, कुडचे सरांना म्हणली, "डोकं तापट आहे, पण नजर बघा हिची." खरं म्हणजे तिला एका वेळी दोन कीबोर्डवर बोटं पाहिजे होती, आणि ऑफिसातली बाकीची दोघं दुसऱ्या कामात अडकलेली.

काम एका दवाखान्याचं होतं. दवाखान्यात एक दांडगा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेले बरेच छोटे कॉम्प्युटर. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावायला काही नाही, पण प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. एक रक्ताचे रिपोर्ट सांभाळतं, एक एक्स-रे, एक आयसीयूतल्या पेशंटला कुठलं औषध कधी द्यायचं ते. अक्कानं ह्या सगळ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलेलं. नाव 'पहारा'. मशीन जिवंत असेल तर त्याचा चौकोन हिरवा. मेलं की लाल, आणि घंटी. घंटी ऐकून कुणीतरी माणूस पळत जाणार. हिरवं असेल तर कोण कशाला जाईल?

आम्ही दोघी एकदम का दाबायचो, ते तिनं मला पहिल्याच दिवशी समजावलेलं.

"समज, मळ्यात मोटर सुरू करायचीय. बापू तुला म्हणले, लाईट आलीय का बघून ये. तू बघितलंस, आलीय. येताना बोरं वेचत बसलीस. तेवढ्यात लाईट गेली. बापूंनी मागनं धाकट्या बाळूला पाठवला. त्यानं बघितलं, गेलीय. तो पळत आला आणि सांगून मोकळा झाला. आणि त्याच्या मागनं तू आलीस डुलत डुलत, म्हणलीस, आलीय. बापू कुणाचं धरणार?"

"शेवटी जो बोलला त्याचं."

"खोटं कुणीच बोललं नाही. तरी बापू फसले. ह्याला रेस कंडिशन म्हणायचं. तुझ्या 'बंद'ची आणि माझ्या 'तपास'ची, अशा दोन बातम्या एकाच वेळी निघाल्यावर जुनी बातमी मागनं पोचते का, ते आपण बघायचं."

"मी नाही बोरं वेचत बसायची."

"तू वाटेत भांडत बसशील. एकच की."

तर त्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर. एक, दोन, तीन. मी दाबलं. घंटी वाजली नाही. चौकोन हिरवाच. बाजूच्या दुसऱ्या पडद्यावर मशीन मेलेलं दिसत होतं, आणि इकडं 'पहारा' सांगत होता, सगळं ठीक आहे. अक्का कीबोर्डकडं बघत होती. पुढच्या वेळेची तयारी म्हणून तिनं सवयीनं परत 'तपास' दाबलं, आणि चौकोन लाल झाला.

"अक्का, हिरवा होता."

"कुठं? लाल आहे की."

"आत्ता झाला. तू परत दाबलंस म्हणून झाला. त्याच्या आधी हिरवा होता. मशीन मेलं आणि हिरवा."

दुसरं कुणी असतं तर म्हणलं असतं, डोळे धुऊन ये. अक्का उठली आणि माझ्या खुर्चीच्या मागं येऊन उभी राहिली. "कुठला चौकोन? किती वेळ होता? घंटी अजिबात वाजली नाही?" मी सांगितलं तसं तिनं ऐकून घेतलं. मग तिच्या जागेवर जाऊन बसली आणि कपाळ दाबत राहिली.

"आत काय होतंय ते दिसलं पाहिजे," म्हणली. "कोण कधी निघालं, कोण कधी पोचलं, ते लिहून ठेवणाऱ्या चार ओळी प्रोग्रॅममधे घालते. मग परत आला की पकडू."

तिनं ओळी घातल्या. आम्ही परत सुरू केलं. लाल. लाल. लाल. ऊन खिडकीतनं हलून भिंतीवर गेलं. माझं बोट दुखायला लागलं. प्रत्येक वेळी लाल, प्रत्येक वेळी घंटी. त्या घंटीनं माझं डोकं उठलं.

"मी बघितलंय," मी म्हणलं. तिनं काही विचारलं नव्हतं तरी.

"मी कुठं नाही म्हणतेय? जा, चहा घेऊन ये दोन."

खालच्या टपरीवर गर्दी होती. चहा घेऊन वर आले तर अक्का खिडकीपाशी उभी, पाठ माझ्याकडं. माझा कीबोर्ड माझ्या टेबलावर नव्हता. तिच्या टेबलावर, तिच्या कीबोर्डला चिकटून होता.

"हा इकडं कशाला आणलास?"

"वायर बघत होते," ती म्हणली आणि चहा घेतला. गरम होता, तरी तिनं एका घोटात संपवला.

तेवढ्यात कुडचे सर आले. नेहमी घाईत असल्यासारखे उभ्या उभ्या बोलणारे. "काय पद्मजा, उद्या अकराला बागवान साहेब येतायत दवाखान्याकडनं. झालं ना सगळं?"

अक्का बोलायच्या आत मीच बोलले. "सर, एकदा हिरवा राहिला."

"एकदा म्हणजे?"

"मशीन मेलं आणि चौकोन हिरवा."

सरांनी अक्काकडं बघितलं. "परत दाखवा."

आम्ही दाखवलं. लाल. परत लाल. सरांनी स्वतः माझ्या जागी बसून दाबलं. लाल.

"जे परत दिसत नाही ते नसतं," सर म्हणले. "पद्मजा, तारीख पुढं ढकलता येणार नाही. आणि तुझ्या कायमच्या ऑर्डरचं मी ह्या कामावर ठेवलंय, माहितीय ना तुला? उद्या दोघींनी पास म्हणायचं. नीट, आवाजात."

हे पास म्हणायचं खूळ सरांचं. त्यांचे वडील पंपाच्या कारखान्यात तपासनीस. तिथं म्हणे दोन माणसांनी मोठ्यानं 'पास' म्हणल्याशिवाय पंप गेटबाहेर जायचा नाही. सरांनी ते आपल्या ऑफिसात आणलेलं. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसणार, ज्यांनी तपासलं ती दोन माणसं उभी राहणार, आणि एकेकानं 'पास' म्हणायचं. गिऱ्हाईकं खूश व्हायची. काहीजण फोटो काढायची.

सर गेल्यावर अक्का म्हणली, "आज माझ्याकडंच थांब. तुझ्या आईला मी फोन करते."

अक्काची खोली ऑफिसपासनं चालत जायच्या अंतरावर. एक खोली, पुढं छोटा कट्टा. दाजी गेल्यापासनं ती आणि चिनू दोघीच. चिनू बालवाडीत. सासर जतला. सासरे वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला मुदत दिलेली, उन्हाळ्यापर्यंत. तोवर नोकरी कायम झाली तर राहा सांगलीत, पोरीला तिथंच शाळेत घाल. नाही झाली तर दोघींनी घरी यायचं, आमच्या पोराची पोर आमच्या डोळ्यापुढं वाढू दे. उन्हाळा सुरू झालेलाच होता.

अक्का बटाटे सोलत होती. चिनू माझ्या मांडीवर चढून माझी वेणी सोडत होती.

"तेजे, उद्या पास म्हण."

मला वाटलं चेष्टा करतेय. "आणि हिरवा?"

"माझ्यानं परत आणता आला नाही. सरांनापण नाही."

"म्हणून मी बघितला नाही?"

"तसं नाही म्हणत मी. एकदा चुकून दिसलं असेल. पडदा उशिरा बदलतो कधी कधी."

"पडदा उशिरा बदलला तर घंटीनं काय केलं? घंटी का वाजली नाही?"

ती सोललेला बटाटा परत सोलायला लागली.

"तुला मी खोटारडी वाटते काय?"

"तू खोटारडी नाहीस. तुझं डोकं फिरलंय, एवढंच. दर वेळी तुझंच खरं करायचं. शाळेत तेच, घरात तेच. दुसऱ्याचं काय होतंय, कधी बघितलंस?"

"शाळेत मी कॉपी केली नव्हती."

"नव्हती केलीस, माहितीय मला. पण काय मिळालं तुला? माझ्या ऑफिसात बटणं दाबतेयस."

मी चिनूला खाली ठेवलं. ती रडायला लागली. अक्कानं हातातली सुरी ठेवली, पदराला हात पुसले, आणि मग जे केलं ते मला आजपण आवडत नाही. तिनं माझे हात धरले.

"तेजू, एक शब्द. एवढाच. तू म्हणलंस की मी म्हणते. ती जतची वाट मला परत नको. तिथं माझ्यासाठी काही वाईट नाही, खायला आहे, माणसं आहेत. पण मी तिथं फक्त भाकरी थापणार. हे सगळं," तिनं हवेत बोटं नाचवली, टाईप केल्यासारखी, "ह्यातलं काही उरणार नाही."

"मी म्हणल्यावरच कशाला? तूच म्हण की. तू मोठी, तूच लिहिलंयस. माझं कोण धरतंय?"

"सर दोघींना विचारणार."

"मग विचारू देत."

त्या दिवशी आम्ही जेवलो. चिनूच तेवढी बोलत होती, तिच्या बालवाडीतल्या कुठल्यातरी मांजराबद्दल.

दुसऱ्या दिवशी बागवान साहेब वेळेवर आले. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर बघणारे. बारीक अंगाचा माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, डोळे झोप न झालेले. सरांनी खुर्ची पुढं केली, चहा आला, बिस्किटं आली. सरांनी पडद्यावर 'पहारा' दाखवला. साहेब मन लावून बघत होते.

"माझ्याकडं अडचण एकच," ते म्हणले. "मशीन बंद पडतं आणि आम्हाला डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्यावर कळतं. आधी कळलं पाहिजे, बस."

"तेच तर आहे साहेब," सर म्हणले. "आणि आमची एक पद्धत आहे." मग वडिलांची आणि पंपांची गोष्ट सांगितली. साहेब हसले, म्हणले, "छान आहे की."

आम्ही दोघी उभ्या. अक्कानं त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसलेली.

"पास," ती म्हणली. स्वच्छ, आवाजात.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अक्का सोडून. ती पडद्याकडं बघत होती.

खरं सांगते, मी म्हणणार होते. रात्रभर मी ठरवलेलं, एक शब्द आहे, म्हणून टाकू. पण तोंड उघडलं आणि तो शब्दच येईना. डोळ्यापुढं तो हिरवा चौकोन.

"मला एकदा हिरवा दिसला," मी म्हणले. "मशीन मेलेलं होतं आणि हिरवा होता."

बागवान साहेबांनी कप खाली ठेवला. "बेटा, नीट आठवून सांग. कधी?"

"काल दुपारी. एकदाच."

कुडचे सर हसले. हसायला लागलं की त्यांचे कान हलायचे. "साहेब, आम्ही काल शेकडो वेळा बघितलंय. आत्ता दाखवतो." अक्का एका कीबोर्डवर, सर दुसऱ्यावर. लाल. घंटी. लाल. घंटी. साहेबांनी स्वतः दाबून बघितलं. लाल.

"नजरचूक झाली असेल पोरीची," साहेब मऊ आवाजात म्हणले.

"नववीत शाळा सोडलेली आहे, साहेब," सर म्हणले. "पद्मजाची नातेवाईक म्हणून ठेवलीय. काय आहे, अशा पोरांना जरा लक्ष वेधून घ्यायची—"

"शाळेचा काय संबंध?" मी म्हणले. माझा आवाज चढला. "डोळे शाळेतनं आणते काय मी?"

"तेजल, बाहेर बस जा."

"नाही बसत. मी बघितलंय."

"साहेब, माफ करा हं," सर म्हणले. साहेब पण आता माझ्याकडं बघेनात. लहान पोरानं परक्या घरात काही सांडल्यावर मोठी माणसं बघतात तसे दुसरीकडं बघत होते. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि त्याचा मला जास्त राग आला. माऊस हाताशी होता. तो उचलून कुठं मारायचा हे मी बघत होते.

"सर," अक्का म्हणली. "त्या ओळी काढूया."

"कुठल्या ओळी?"

"आत काय होतंय ते लिहून ठेवायला काल घातलेल्या. त्या लिहायला क्षणभर जातो. तेवढ्यात मागं रेंगाळणारी जुनी बातमी पुढं निघून जाते आणि खरी बातमी शेवटी पोचते. म्हणून सारखा लाल येतोय. बघायला म्हणून घातल्या, आणि त्यांनीच झाकलं."

"मग राहू दे की त्या ओळी. बिघडलं कुठं?"

"त्या लिहून लिहून जागा भरते, सर. एक दिवस दवाखान्यातलं कुणीतरी वैतागून ते लिहिणं बंद करणार. त्या दिवसापासनं हिरवा खोटा बोलायला लागेल. आणि बंद करणाऱ्याला कळणार पण नाही."

"पद्मजा." सरांनी नुसतं नाव घेतलं.

अक्का खुर्चीत बसली होती. तिनं ओळी काढल्या. माझा कीबोर्ड ओढून आपल्या कीबोर्डशेजारी ठेवला, आणि दोन्ही हातांनी एकदम दाबायला लागली. मोजलं नाही. लाल आला. परत दाबलं, लाल. परत. परत. खोलीत नुसता बटणांचा आणि घंटीचा आवाज.

मग एकदा घंटी वाजली नाही.

चौकोन हिरवा. तिनं हात वर उचलले आणि मागं टेकली. बागवान साहेब उठले, दुसऱ्या पडद्यापाशी गेले, वाकून बघितलं. मशीन मेलेलं होतं. ते परत आले आणि तो हिरवा चौकोन बघत उभे राहिले. कितीतरी वेळ तो तसाच होता. कुणी 'तपास' दाबेपर्यंत तो तसाच राहिला असता.

"हे आयसीयूचं मशीन असतं तर?" साहेब म्हणले.

"तुम्हाला हे माहीत होतं?" त्यांनी अक्काला विचारलं.

"काल दुपारपासनं," अक्का म्हणली. "ही चहा आणायला गेली तेव्हा मी ओळी काढून बघितलं. परत घातल्या."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं नाही बघितलं. म्हणजे आदल्या दिवशी बटाटे सोलताना, माझे हात धरताना, तिला सगळं माहीत होतं. मी पास म्हणलं असतं तर 'पहारा' माझ्या डोळ्यांच्या भरवशावर दवाखान्यात गेला असता.

साहेब जाताना म्हणले, विचार करून कळवतो. चहा तसाच ठेवून गेले. सर त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले, दार लावलं, आणि ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बरोबर केलंस," ते म्हणले. "फक्त काल करायचं होतंस. मला एकट्याला सांगायचं होतंस. गिऱ्हाईकासमोर नाही."

दुरुस्ती काही मोठी नव्हती. प्रत्येक बातमीवर ती कधी निघाली ते लिहायचं, आणि शेवटी आलेली जुनी बातमी असेल तर टाकून द्यायची. अक्कानं ती करून दिली. दवाखान्यानं पुढं 'पहारा' घेतला असं मी ऐकलं, पण तोवर त्या ऑफिसात अक्काची जागा राहिली नव्हती. माझी तर नव्हतीच.

तिचे सासरे जीप घेऊन आले, दुपारच्या उन्हात. सामान फार नव्हतं. मी भांड्यांची पोती खाली आणली. जिन्यात ती आणि मी दोघीच असताना मी विचारलं, "रागावलीस माझ्यावर?"

"लई," ती म्हणली.

मी खाली निघाले. तिनं मागनं माझा दंड धरला.

"तू पास म्हणली असतीस ना तेजे, आणि पुढं कधी काही झालं असतं, तर मी सगळं तुझ्यावर ढकललं असतं. पोरीनं पास म्हणलं, मी काय करू, असं. मनाशी तयार पण ठेवलेलं मी ते." तिनं दंड सोडला. "म्हणून तर तुझ्याकडनं वदवून घ्यायचं होतं."

मी पोतं उचललं.

चिनूला पुढं आजोबांशेजारी बसायचं होतं, ती बसली. अक्का मागं, भांड्यांच्या आणि गादीच्या मधे. सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पोर मदतीला आली एवढंच दिसत होतं. भला माणूस.

"तू पण ये गं जतला सवडीनं," ते म्हणले. "अक्काला आता वेळच वेळ हाय."

अक्कानं आतनं दार ओढलं. ते नीट लागलं नाही. तिनं परत उघडलं आणि जोरात ओढून घेतलं.